घाट उतरण्याआधी ब्रेककडे बघा

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे. आंबेनळी घाटाने खाली आले की पोलादपूर जवळजवळ किनाऱ्याच्या पातळीवर. चार माणसे आणि सामान धरून १,२०० किलो भरणारी छोटी गाडी हा घाट उतरते, तेव्हा तिला जी ऊर्जा जिरवावी लागते ती ताशी ८० किलोमीटरच्या वेगावरून पन्नास वेळा पूर्ण थांबण्याइतकी असते. त्यातली काही इंजिन खाते, काही हवेच्या विरोधात जाते. उरलेली सगळी पुढच्या दोन डिस्क आणि मागचे दोन ड्रम तापवण्यात खर्च होते. ब्रेकचे काम एवढेच आहे: गतीची उष्णता करायची आणि ती उष्णता वेळेवर हवेत सोडून द्यायची.

म्हणूनच ‘ब्रेक अपग्रेड करायचे आहेत’ असे मनात आले की पहिला प्रश्न डिस्क किती मोठी घ्यावी हा नसतो. आपली गाडी नेमकी कुठे कमी पडते, हा असतो. रोज शहरात चालणाऱ्या आणि सुटीत घाट चढणाऱ्या-उतरणाऱ्या बहुतेक गाड्यांना ताजे ब्रेक ऑइल, चांगले पॅड, मोकळे सरकणारे कॅलिपर आणि जीव असलेले टायर एवढे मिळाले तरी त्या पूर्वीपेक्षा खूप भरवशाने थांबतात. यातली दोन कामे, पॅड आणि ऑइल बदलणे, हातात पाना धरायची सवय असलेल्या माणसाला घरी करता येतात. ती कशी करायची आणि कुठे थांबून मेकॅनिकला बोलवायचे, हे या लेखात पाहू. उदाहरणासाठी पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेली नेहमीची हॅचबॅक धरली आहे.

दोष कुठे आहे, हे पाय सांगतो

ब्रेक कमी पडण्याचे मुख्य प्रकार तीन आहेत आणि तिन्ही पेडलवर वेगवेगळे कळतात.

पेडल टणक आहे, जोर लावला तरी गाडी हवी तशी आवळली जात नाही आणि जळका वास येतो आहे. अशा वेळी पॅड तापून त्यांची पकड गेलेली असते. इथे चांगल्या दर्जाचे पॅड उपयोगी पडतात.

पेडल मऊ लागते, खाली खाली जाते, दोन-तीनदा भराभर दाबल्यावर थोडे वर येते. याचा अर्थ पाइपांमध्ये हवा किंवा वाफ आहे. द्रव दाबला जात नाही, म्हणून तर पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतो. हवा आणि वाफ मात्र दाबली जाते आणि सगळा जोर तिथेच संपतो. घाटाच्या शेवटच्या वळणांवर अचानक ब्रेक गेल्याचे जे प्रसंग ऐकायला मिळतात, त्यांतल्या काहींच्या मागे हेच कारण असते. इथे उपाय ब्रेक ऑइल बदलण्याचा.

तिसरा प्रकार: जोरात ब्रेक मारला की पायाखाली खडखड होते, एबीएस चालू होते आणि तरीही गाडी पुढे जात राहते. इथे ब्रेक आपले काम पूर्ण करत आहेत, टायरची रस्त्यावरची पकड संपली आहे. चाक जाम करण्याइतकी ताकद ब्रेकमध्ये आधीच असेल, तर आणखी मोठ्या डिस्कने थांबण्याचे अंतर एका फुटानेही कमी होत नाही. ताशी ८० च्या वेगात कोरड्या चांगल्या डांबरावर पूर्ण ब्रेक मारला तर गाडी तीस-बत्तीस मीटरमध्ये थांबू शकते. ओल्या रस्त्यावर तेच अंतर पन्नास मीटरच्या घरात जाते. हा फरक टायर आणि रस्ता ठरवतात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही तो टायर बाद. पावसाळ्यासाठी तर ३ मिलिमीटरच्या आत आलेला टायर बदललेलाच बरा.

पैसे कोणत्या क्रमाने खर्च करावेत

पहिला मान टायरचा, दुसरा ऑइलचा, तिसरा पॅडचा. चौथ्या क्रमांकावर डिस्क आणि ब्रेकच्या रबरी नळ्या. ‘मोठे ब्रेक किट’ याच्याही नंतर, आणि बहुतेकांसाठी कधीच नाही.

पॅडमध्ये बाजारात ढोबळमानाने तीन जाती मिळतात. ऑरगॅनिक पॅड शांत असतात, थंड असतानाही चांगले धरतात, पण फार तापले की लवकर ढेपाळतात. सेमी-मेटॅलिक पॅड उष्णता अधिक सोसतात. त्याबदल्यात थोडा आवाज, जास्त काळी धूळ आणि डिस्कची काहीशी जास्त झीज पदरी येते. सिरॅमिक पॅड शांत आणि कमी धूळ करणारे, किमतीला चढे. घाटाचा प्रवास वारंवार असेल, तर मूळ कंपनीचे किंवा नावाजलेल्या उत्पादकाचे रस्त्यासाठीचे पॅड घ्यावेत. शर्यतीचे पॅड घेऊ नयेत. ते चांगले तापल्याशिवाय धरतच नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या फाटकातून बाहेर पडताना समोर मूल आले तर तापवायला वेळ कुठून आणणार? नकली मालही या बाजारात भरपूर आहे. पॅड रस्त्यावरच्या टपरीवरून न घेता पावती देणाऱ्या दुकानातूनच घ्या.

भोके पाडलेल्या आणि खाचा मारलेल्या डिस्क दिसायला देखण्या असतात. पण भोकांच्या कडांपासून बारीक तडे सुरू होऊ शकतात आणि भोके पाडली तेवढे उष्णता साठवणारे लोखंड कमी होते. रस्त्यावरच्या गाडीला मधून हवा खेळणारी साधी, जाड, निर्दोष डिस्क पुरते.

मोठी डिस्क आणि जास्त पिस्टनचे कॅलिपर बसवायचे म्हटले तर हिशेब बदलतो. कॅलिपरमधल्या पिस्टनचे क्षेत्रफळ वाढले की तेवढेच जास्त ऑइल ढकलावे लागते. मास्टर सिलिंडर जुनाच राहिला, तर पेडलचा प्रवास त्याच प्रमाणात वाढतो. पुढच्या आणि मागच्या चाकांमधला ब्रेकचा समतोल बिघडतो. जोरात ब्रेक मारल्यावर वजन पुढे झुकते, म्हणून पुढची चाके बहुतेक भार घेतात. मागची आधी जाम झाली तर गाडीची शेपूट फिरते. काही गाड्यांत मागच्या ॲक्सलजवळ भारानुसार दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असतो, आणि एबीएसचा हिशेबही मूळ ब्रेक धरूनच बसवलेला असतो. त्यात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर बंधने आहेत. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो आणि वॉरंटीवरही पाणी पडते. त्याच मॉडेलच्या वरच्या आवृत्तीत कंपनीने स्वतः मोठे ब्रेक दिले असतील, तर त्याची चौकशी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये करा. बाकी जुगाड नको.

ऑइल खराब का होते, कोणते घ्यावे

दुकानात आपण ‘ब्रेक ऑइल’ म्हणून मागतो तो द्रव बहुतेक गाड्यांत ग्लायकॉल जातीचा असतो. तो हवेतली ओल शोषतो. टाकीच्या झाकणातून, रबरी नळ्यांच्या भिंतींतून थोडी थोडी दमट हवा आत शिरत राहते, गाडी उभी असली तरी. कोकण, मुंबई, गोवा इथल्या हवेत हे आणखी लवकर होते. पाण्याचे प्रमाण वाढले की ऑइल उकळण्याचे तापमान घसरते आणि आतून धातू गंजायला लागतो.

डब्यावरच्या ‘डॉट’ क्रमांकामागचे किमान आकडे असे आहेत. डॉट ३ ताजे असताना २०५ अंश सेल्सिअसच्या आत उकळू नये; त्यात ३.७ टक्के पाणी मुरले की ही मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५, तर डॉट ५.१ साठी २६० आणि १८०. म्हणजे दोन-तीन वर्षे जुने डॉट ४ ताज्या डॉट ३ पेक्षाही आधी उकळू शकते. भारी ऑइल एकदा टाकून विसरण्यापेक्षा साधे ऑइल वेळेवर बदलणे केव्हाही चांगले.

डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ एकाच जातीचे असल्याने एकमेकांत मिसळले तरी बिघाड होत नाही, मात्र गुण खालच्याकडे झुकतात. डॉट ५ हे सिलिकॉनचे वेगळेच प्रकरण आहे. ५ आणि ५.१ या आकड्यांत गल्लत करू नका. ग्लायकॉलच्या गाडीत डॉट ५ घालायचे नाही. गाडीला काय लागते ते टाकीच्या झाकणावर आणि मालकाच्या पुस्तिकेत छापलेले असते. ईएसपी असलेल्या काही नव्या गाड्यांना मुद्दाम पातळ बनवलेले डॉट ४ लागते, तेही तिथेच पाहा.

सर्वांत मोठी चूक म्हणजे ऑइल हाताशी नाही म्हणून त्या टाकीत इंजिन ऑइल, पॉवर स्टिअरिंगचे ऑइल किंवा डिझेल ओतणे. खनिज तेल लागताच ब्रेकमधली रबरे फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चारही चाकांपर्यंतची सगळी सिले बदलावी लागतात. एवढ्याला थोडे तेलही पुरते.

बदलण्याचा काळ बहुतेक उत्पादक दोन वर्षे सांगतात; आपल्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. रंगावर विसंबू नका. काळपट ऑइल वाईट खरेच, पण पिवळसर स्वच्छ दिसणाऱ्या ऑइलमध्येही पाणी असू शकते. ऑइल उकळून पाहणारा टेस्टर काही गॅरेजमध्ये असतो. त्याचा आकडा लाइट लागणाऱ्या स्वस्त टेस्टर पेनापेक्षा भरवशाचा.

ही कामे घरी केव्हा करू नयेत

गाडी उतारावरच उभी करावी लागत असेल आणि सपाट फरशी नसेल, तर नको. जॅक स्टँड नसतील आणि केवळ गाडीसोबत आलेल्या जॅकवर काम उरकायचे असेल, तर अजिबात नको. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या गाडीचे मागचे पॅड काढताना यंत्रणा सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते; त्यासाठी लागणारे साधन नसेल तर मागे हात लावू नका. पाइप गंजून पापुद्रे सुटलेले, हवा काढायच्या निप्पलचे आटे गेलेले किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर ते काम मेकॅनिकचे. आणि एबीएसच्या युनिटमध्ये हवा शिरली, तर ती काढायला स्कॅनर लागतो. पाय दाबून ती निघेलच याची खात्री नाही.

काय जमवून ठेवायचे

जॅक आणि किमान दोन जॅक स्टँड. चाकांना अडवायला दोन लाकडी ठोकळे. व्हील पाना आणि टॉर्क पाना. निप्पलसाठी बरोबर मापाचा रिंग पाना, बहुधा ८ किंवा १० नंबर. फिक्स पान्याने निप्पलचे कोपरे घासतात. निप्पलवर घट्ट बसणारी पारदर्शक नळी, एक पारदर्शक बाटली, मोठी सिरिंज. सीलबंद नवे ऑइल एक लिटर. आधी फोडून ठेवलेला अर्धा डबा वापरू नका, त्याने तेवढीच ओल शोषलेली असते. ब्रेक क्लीनर, सिलिकॉन ग्रीस, नायट्रिलचे हातमोजे, चष्मा, मास्क, फडकी आणि बादलीभर पाणी. शिवाय सांगितलेले नीट ऐकणारा एक माणूस.

पाणी कशासाठी? ब्रेक ऑइल रंग खाते. बॉनेटवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाण्याने धुवायचा. कोरड्या फडक्याने पुसत बसलात तर डाग राहतो. डोळ्यात गेले तर पाण्याने धूत राहून डॉक्टरकडे जायचे. मुले आणि पाळीव प्राणी या कामापासून लांब ठेवा, ऑइल विषारी असते.

पॅड बदलणे

पॅड आणि ऑइल दोन्ही बदलायचे असतील, तर पॅड आधी आणि ऑइल नंतर. पॅड नेहमी एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंचे बदलतात, पण काम एका वेळी एकाच बाजूचे काढायचे. काय कुठे बसले होते हे विसरले तर दुसरी बाजू नमुना म्हणून समोर असते.

१. मागच्या चाकांना ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा. गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे ढिले करा. मग जॅकने उचलून पुस्तिकेत दाखवलेल्या जागी स्टँड लावा, गाडी हलवून पाहा आणि त्यानंतरच चाक काढा.

२. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवा किंवा दोन्ही बोल्ट काढून बाजूला घ्या. तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका. तारेने स्प्रिंगला बांधा. नळी आतून फाटली तर बाहेरून काहीच दिसत नाही.

३. जुने पॅड बघून घ्या. नव्या पॅडचे मटेरियल साधारण दहा मिलिमीटर असते. तीनवर आले की बदलायची वेळ झाली. आतला आणि बाहेरचा पॅड फार कमी-जास्त झिजला असेल, तर कॅलिपरच्या सरकत्या पिना अडकल्या आहेत. पिना काढून पुसा, सिलिकॉन ग्रीस लावा, त्यांचे रबरी बूट फाटले असतील तर बदला. अनेक गाड्यांचे ‘ब्रेक लागत नाहीत’ हे दुखणे नवे पॅड न घालता इथेच बरे होते.

४. डिस्क तपासा. तडे, निळे डाग, खोल चरे, कडेला उभी राहिलेली धार पाहा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मोजमाप त्याच्या खाली गेले तर डिस्क बदला, लेथवर टर्निंग मारून आणखी पातळ करू नका. मोजताना कडेची धार मापात येऊ देऊ नका. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर डिस्कची तिरकाई गॅरेजमध्ये तपासून घ्या.

५. धूळ फुंकून किंवा हवेच्या प्रेशरने उडवू नका, ब्रेक क्लीनरने भिजवून पुसा. मास्क लावलेलाच असू द्या.

६. टाकीचे झाकण सैल करून जुना पॅड पिस्टनवर ठेवा आणि क्लॅम्पने पिस्टन सावकाश, सरळ आत ढकला. टाकीतले ऑइल वर चढते. भरून वाहणार असेल तर सिरिंजने थोडे काढून घ्या. पॅड झिजत जातात तशी टाकीची पातळी आपोआप खाली येत असते, म्हणून मध्येच वरून भरत बसायची गरज नसते. एका महिन्यात पातळी बरीच उतरली तर गळती शोधा.

७. नवे पॅड बसवा. झीज दाखवणारी पत्ती ज्या बाजूला होती त्याच बाजूला आली पाहिजे. पॅडच्या कानांना अगदी पातळ ब्रेक ग्रीस चालते. घासणाऱ्या पृष्ठभागावर आणि डिस्कवर एक थेंबही नको. बोल्ट पुस्तिकेतल्या टॉर्कने आवळा.

८. आता गाडीत बसून पेडल टणक होईपर्यंत पंप करा. पिस्टन मागे गेलेला असल्याने पहिला दाब रिकामा जातो. ही पायरी चुकवून गाडी मागे घेतली, तर मागची भिंत किंवा मागे उभा असलेला माणूस ती चूक दाखवून देतो.

मागच्या ड्रममध्ये ब्रेक शू असतात. लायनर, चाकाच्या सिलिंडरची गळती आणि आतली धूळ पाहण्यापुरता ड्रम काढता येतो. तो काढताना हँडब्रेक सोडलेला आणि पुढची चाके ठोकळ्यांनी अडवलेली हवीत. शूच्या स्प्रिंगा बसवायला सराव आणि वेगळे हत्यार लागते, ते काम पहिल्यांदा मेकॅनिकच्या शेजारी उभे राहून पाहा.

ऑइल बदलणे आणि हवा काढणे

इंजिन बंद. प्रथम सिरिंजने टाकीतले जुने ऑइल काढा, तळाशी थोडे राहू द्या, आणि नवे ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा. यामुळे जुने घाण ऑइल पुन्हा सगळ्या पाइपांतून फिरवावे लागत नाही.

चाकांचा क्रम मास्टर सिलिंडरपासून लांब ते जवळ असा असतो. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत तो बहुधा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे आणि शेवटी पुढचे उजवे असा येतो. काही गाड्यांत ब्रेकचे पाइप तिरके जोडलेले असल्याने क्रम वेगळा दिलेला असतो. पुस्तिकेतला क्रम पाळा.

पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे ते तळाला टेकणार नाही. मास्टर सिलिंडरच्या ज्या भागात रबर कधी पोहोचलेले नसते तिथे गंज आणि मळ बसलेला असतो. जुन्या गाडीत पेडल पूर्ण खाली दाबले तर ते रबर त्यावर घासून फाटते. बऱ्या गाडीला नवे दुखणे लागायचे हे नेहमीचे कारण आहे.

निप्पल गंजलेले वाटले तर आदल्या दिवशी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, पण डिस्क आणि पॅडवर उडू देऊ नका. निप्पलवर आधी रिंग पाना, मग नळी. नळीचे दुसरे टोक बाटलीत, थोड्या नव्या ऑइलमध्ये बुडालेले असावे.

आता दोघांचा ताळमेळ हवा. तुम्ही चाकाजवळ, दुसरा पेडलवर. तुम्ही म्हणायचे, ‘दाब.’ तो सावकाश दाबून पाय रोखून धरतो आणि सांगतो, ‘दाबलं.’ तुम्ही निप्पल पाव ते अर्धा फेरा उघडता. ऑइल आणि बुडबुडे नळीतून वाहतात, पेडल खाली जाते. ते थांबायच्या आत निप्पल बंद करता. त्यानंतरच म्हणायचे, ‘सोड.’ निप्पल उघडे असताना पाय उचलला गेला, तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सगळे पुन्हा करावे लागते. भराभर पंप करायचे नाही. त्याने बुडबुडे बारीक होऊन अडकून बसतात.

पाच-सहा दाबांनंतर टाकी पाहायचीच. ती रिकामी झाली की मास्टर सिलिंडरमध्ये आणि तिथून एबीएसच्या युनिटमध्ये हवा जाते. नळीतून स्वच्छ ताजे ऑइल यायला लागले आणि बुडबुडे पूर्ण थांबले की निप्पल माफक आवळा. ते पोकळ असते, दंडाचा जोर लावला तर तुटते. रबरी टोपी लावा, जागा पाण्याने धुऊन कोरडी करा, पुढच्या चाकाकडे जा.

काढलेले ऑइल पुन्हा वापरायचे नाही. गटारात, बेसिनमध्ये किंवा झाडाच्या मुळाशी ओतायचेही नाही. लेबल लावलेल्या बंद बाटलीत भरून, वापरलेले ऑइल जमा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्या. इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नका.

रस्त्यावर नेण्याआधी

टाकीची पातळी दोन खुणांच्या मध्ये, झाकण घट्ट, चारही निप्पल कोरडे. चाकाचे नट आधी हाताने, मग गाडी जमिनीवर आल्यावर तारा काढल्यासारखे समोरासमोर, टॉर्क पान्याने. इंजिन सुरू करून पेडल घट्ट दाबून एक मिनिट धरा. ते हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे. गाडी हलवू नका. इंजिन सुरू होताना पेडल थोडे खाली जाणे मात्र नॉर्मल आहे, ती बूस्टरची मदत आहे. डॅशबोर्डवर ब्रेकचा किंवा एबीएसचा दिवा राहता कामा नये.

पहिली चाचणी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगात. मग २०, मग ४०. गाडी एका बाजूला ओढते का, आवाज येतो का, एखादे चाक इतरांपेक्षा जास्त तापते का, ते पाहा.

नवे पॅड डिस्कशी जुळायला वेळ लागतो. रिकाम्या सरळ रस्त्यावर ६० च्या वेगावरून १५ पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवा, असे आठ-दहा वेळा, दर वेळी थोडे अंतर सोडून, पूर्ण न थांबता. नंतर दहा मिनिटे ब्रेक न वापरता गाडी चालवून थंड होऊ द्या. तापलेल्या पॅडवर पाय ठेवून उभे राहिले तर पॅडचा थर डिस्कला एकाच जागी चिकटतो आणि पुढे ब्रेक मारताना गाडी थरथरते. पहिल्या दोन-तीनशे किलोमीटरमध्ये घाटाचा बेत ठेवू नका.

घाटात आणि पावसात

उत्तम ब्रेकही सतत दाबून ठेवले तर तापणारच. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच्या आसपासच्या गिअरमध्ये तो उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवते. वेग वाढला की नीट ब्रेक मारून उतरवा आणि पाय काढून घ्या, हलका पाय ठेवून सतत घासत येऊ नका. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलमध्ये किंवा इंजिन बंद करून उतरणे तर आत्मघात आहे: इंजिन बंद झाले की दोन-तीन दाबांत बूस्टरची साठलेली मदत संपते आणि पेडल दगडासारखे होते.

वास आला किंवा पेडल मऊ पडू लागले तर खालचा गिअर घ्या, सुरक्षित जागी थांबा, चाकाला दगड लावा आणि अर्धा तास ब्रेक थंड होऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते. थंड झाल्यावर पेडल पुन्हा टणक झाले तरी फसू नका. उकळलेल्या ऑइलमधले पाणी आतच असते. घरी पोहोचल्यावर ऑइल बदलायचेच.

पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून गाडी काढली की थोडे अंतर हलका ब्रेक दाबत जा, म्हणजे पॅड आणि ड्रममधले शू वाळतात. ड्रममध्ये पाणी जास्त वेळ राहते. रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर सकाळी दिसणारा तांबूस थर पहिल्या काही ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी नको.

ऑइल बदलल्याची तारीख, किलोमीटर आणि डॉट क्रमांक टाकीजवळ चिकटपट्टीवर लिहून ठेवा. पुढचा मेकॅनिक किंवा पुढचा मालक त्यावरून चालेल. आणि कामाच्या शेवटी पेडलविषयी मनात जराही शंका राहिली, तर चावी खिशात ठेवून टोइंगवाल्याला फोन करा.